जन्मापासून की नंतर

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. प्रयोगशाळेत मी करतो तरी काय, असं तू विचारलं होतंस. त्याचं नीट उत्तर देता येईना आणि अर्धवट लिहून पाठवायचं नव्हतं, म्हणून उशीर झाला. आता जमेल असं वाटतंय.

मी छिद्रं मोजतो.

पानाच्या पाठीला बारीक छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. हा शब्द तू पहिल्यांदाच वाचत असशील म्हणून फोड करून देतो: पर्ण, रंध्र. रंध्र म्हणताना अनुस्वार न् सारखा, रन्ध्र. पान त्यातून श्वास घेतं आणि पाणी सोडतं. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र हुबेहूब तुझ्या काजांसारखी दिसतात. दोन्ही बाजूंना एकेक फुगीर पेशी आणि मध्ये चीर. त्या पेशी फुगल्या की काज उघडतं, सैलावल्या की मिटतं.

मोजायची रीत अशी. पानाच्या पाठीला बिनरंगी नेलपॉलिश लावायचं, वाळू द्यायचं, मग चिकटपट्टीनं उचलून काचेवर बसवायचं. पानाचा ठसा उतरतो. नेलपॉलिश मीच आणतो. कोपऱ्यावरचा दुकानदार आता मी दिसलो की विचारतो, 'आज कोणता रंग?'

आता गंमत ऐक. एखादी पेशी छिद्र व्हायला निघाली की शेजारणींना निरोप धाडते: मी होतेय, तुम्ही होऊ नका. निरोप म्हणजे तिच्यातून सुटलेला एक कण. शेजारणीच्या अंगावर तो कण अडकेल अशी खुंटी असते. बाई, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी आहे त्या संशोधक, तिला ग्राही म्हणतात. पहिले दोन आठवडे मी ग्राहक असं ऐकत होतो. निरोप खुंटीला अडकला की आत कळतं, आणि शेजारीण मुकाट्यानं साधी पेशी होते. म्हणून दोन छिद्रांच्या मध्ये एक तरी साधी पेशी असतेच. पानाला मुकादम नाही की नकाशा नाही, सगळं पान शेजारणींच्या बोलण्यावर उभं राहतं.

काही रोपांत जन्मतःच ही खुंटी नसते. निरोप येतो, पण तो धरणारं कोणी नाही. मग छिद्राला छिद्र चिकटतं, आणि एकाच चौकटीला दोन दारं लावल्यासारखं एकही धड मिटत नाही. बाईंच्या यादीत या रोपांना लांबलचक आकडा आहे. मी माझ्या नोंदवहीत सोपी नावं ठेवली आहेत: साधी आणि बहिरी.

काळजीची गोष्ट शेवटी लिहितो. या खेपेला साधी रोपं असलेल्या ट्रेमध्ये मला जोडछिद्रं दिसताहेत. तिसऱ्या पानावर शहाण्णव छिद्रं, त्यातली अडतीस एकमेकांना चिकटलेली. तीनदा मोजली. बाईंना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगतो.

तुझा
वेलांटी


११ जून

चि. वेलांटीस,
अनेक आशीर्वाद.

नेलपॉलिश विकत घेणारा भाऊ आमच्या घराण्यात पहिलाच. लग्न जमवताना लपवावं लागेल.

तुझा ग्राहक वाचून हसू आलं. तुमच्याकडचा निरोप ऐकून घेतो तरी. आमच्याकडचा आम्हालाच ऐकवतो, आणि मी एकटीच सुटते.

काजांचं म्हणशील तर पान शहाणं आहे. आमच्या शिलाई कारखान्यातल्या मास्तरांना तेवढी अक्कल नाही. त्यांनी एका शाळेच्या गणवेशाचं काम घेतलंय. शर्टाला दोन-दोन बटणं जोडीनं, म्हणून काजंही जोडीनं, एकमेकांना लागून. कापड पातळ. दोन काजांमध्ये अर्धं बोट जागा सोडली नाही तर महिनाभरात मधली पट्टी उसवून दोन्हींचं मिळून एक भगदाड होईल. मी कापायच्या टेबलावर खडूनं तसं लिहिलं. मास्तरांनी बाहीनं पुसलं.

आता खरं बोलते. बहिरी हे नाव वाचल्यावर मी पत्र बाजूला ठेवलं आणि दोन दिवस हात लावला नाही. बाईंच्या यादीत आकडा होता ना? मग नाव तू ठेवलंस. जगात नावं कमी पडली होती? तिथे कोणी विचारलं असेल, 'हे नाव का?' आणि तू म्हणाला असशील, 'आमच्या घरी एक आहे.' सगळे हसले असतील, तूही थोडा हसला असशील.

गावभर लोक मला हाक मारून बघतात, ऐकू येतंय का म्हणून. तेवढं पुरे होतं, तू त्या रोपांनाही माझ्या रांगेत उभं करायला नको होतंस.

ताई


१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोणी विचारलं नाही. कोणी हसलं नाही. माझी नोंदवही माझ्याशिवाय कोणी उघडतही नव्हतं. मी नाव का ठेवलं ते सांगतो. तो आकडा अकरा अक्षरांचा आहे आणि त्यात एक चुकलं तर सगळं चुकतं. मला न चुकणारं नाव हवं होतं. ज्या नावाला मी कधीच हलगर्जीपणानं हात लावणार नाही असं एकच नाव मला सुचलं. तुला लागलं त्याबद्दल माफी मागतो. तू म्हणशील तर सगळ्या पाकिटांवरची नावं बदलतो.

पण आता माझी नोंदवही सगळे उघडू लागले आहेत.

मी बाईंना आकडे सांगितले. त्यांनी भिंगातून पाहिलं. जोडछिद्रं खरीच होती, म्हणजे मोजणी बरोबर. मग त्यांनी निष्कर्ष काढला की मी पेरताना पाकिटं बदलली, साध्यांच्या जागी बहिरी पेरली. चार महिन्यांचं काम वाया गेलं. मोठ्या सरांनी मला खोलीत बोलावलं. ते ओरडले नाहीत. माझ्या नोंदवहीच्या त्या पानावर त्यांनी लाल पेनानं आडवं लिहिलं, 'पेरणाऱ्याची चूक', आणि बाईंना म्हणाले, 'दहावीला दोनदा बसलेल्या माणसाच्या हातात बी दिल्यावर आणखी काय होणार?' मी तिथेच उभा होतो.

ताई, मी पाकिटावरचं नाव दोनदा वाचून, बोटानं गिरवून मगच बी काढतो. तुला सांगायला नको, पण तरी लिहितो. तेराव्या वर्षी मी तुला 'शिफारस' हा शब्द लिहून दिला तेव्हा शि दीर्घ काढली. तू तो शब्द कधी ऐकलेला नव्हता, माझ्या अक्षरांवर विसंबून तू कारखान्यात पहिल्याच दिवशी म्हणालीस, 'माझ्याकडे शीऽफारशीचं पत्र आहे.' चौदा यंत्रं थांबली आणि सगळे हसले. त्यानंतर तू तिथे तोंड उघडलं नाहीस, नऊ वर्षं खडूनं लिहितेयस. तू मला वेलांटी म्हणू लागलीस ती गंमत म्हणून, पण मला ते नाव रोज आठवण देतं. ज्यानं एका वेलांटीपायी बहिणीची वाचा घालवली, तो न वाचता बी पेरेल का?

हे सरांना सांगता येत नाही. त्यांनी एक कागद टाइप करून दिलाय. मी निष्काळजीपणे बी बदललं, हे कबूल करतो, असा. महिनाअखेरपर्यंत सही द्यायची. सही केली तर नोकरी राहील असं बाई म्हणाल्या, त्यांचा आवाज वाईट नव्हता.

कदाचित मी खरंच चुकलो असेन. माणूस चुकतो. आता रोज रात्री मी पेरणीचा दिवस मनात पुन्हा पेरतो आणि दर वेळी पाकिटं जास्तच सारखी दिसायला लागतात.

एक राहिलं, पूर्ण हिशोब असावा म्हणून लिहितो. साध्या रोपांच्या दोन ताटल्या होत्या. पहिले बारा दिवस रोपं ताटलीत, द्रावणात असतात, मग कुंडीत जातात. एका ताटलीत नुसतं पाणी. दुसरीत बाईंचं द्रावण. त्यात एक खोटा निरोप असतो. तो जाऊन खुंटीवर बसतो, बोलत काहीच नाही, फक्त जागा अडवतो. खऱ्या निरोपाला जागा उरत नाही. मी त्याला बोळा म्हणतो, कानातला. बोळ्याच्या ताटलीतल्या रोपांना जोडछिद्रं येणारच होती, ती आली. बिघडली ती नुसत्या पाण्याची ताटली.

सही करून टाकू का?

तुझा
वेलांटी


२० जून

चि. वेलांटीस,

सही करायची नाही.

आधी हे. नाव बदलायचं नाही. बहिरी म्हण. मीही म्हणते. मला राग आला तो तू हसला असशील या कल्पनेचा होता, आणि तू हसला नव्हतास. झालं. मात्र त्या रोपांत काही बिघाड आहे असं कोणी म्हणालं तर सांग, बिघाड नाही, खुंटी नाही. खुंटी नसूनही ती वाढतात, पानं काढतात, हे बघायला तुझ्या सरांना कोणत्या दहावीला बसावं लागतं?

आता नीट वाच. हे मी दुपारच्या सुट्टीत बसून लिहितेय, डबा उघडलेला नाही.

मी बहिरी आहे असं कळलं की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. दवाखान्यात, बँकेत, लग्नाला आलेली मंडळीसुद्धा. 'जन्मापासून की नंतर?' मला या प्रश्नाची इतकी चीड आहे की काही वेळा मी 'मधूनमधून' असं लिहून देते. पण तुझं पत्र वाचताना, तू दोन प्रकारचं न ऐकणं लिहिलंस तिथे, तोच प्रश्न माझ्याच मनात आला. मला स्वतःची लाज वाटली, मग वाटली नाही.

एक प्रकार खुंटी नसलेल्यांचा. जन्मापासून. दुसरा बोळ्याचा. बारा दिवस बोळा, नंतर तू त्यांना मातीत लावतोस, म्हणजे बोळा निघाला. हो ना?

माझं बघ. मला सातव्या वर्षी ताप आला. आई, पाणी, शाळा, चप्पल, गाढव हे शब्द मी सरळ म्हणते, कोणाला कळतही नाही. ते आधीचे. शिफारस, राजीनामा, प्रयोगशाळा हे नंतरचे. ते मी जसे दिसतात तसे म्हणते. माझ्या बोलण्यात सातव्या वर्षाची रेघ आहे. ती मला ऐकू येत नाही, पण ऐकणाऱ्याला लगेच कळते.

तुझ्या रोपालाही पानं एकामागून एक येतात ना? आणि एकदा झालेल्या पानातली छिद्रं नंतर जागा बदलत नसतील. मग रेघ तिथेही असणार, माझ्या उलटी. तुझी त्या ट्रेमधली रोपं जन्मापासून बहिरी असतील तर जुनं पान बघ की नवं, जोडछिद्रं मिळतील. ताटलीतल्या पानांवर ती असतील आणि मातीत आलेल्या पानांवर नसतील, तर बी बरोबर आहे. तर मग त्यांच्या कानात कोणीतरी बोळा घातला होता.

द्रावण कोण ओततं?

ताई


२६ जून

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. द्रावण बाई ओततात. शीतकपाट उघडायची मला परवानगी नाही.

सही केली नाही. कागद परत केला. त्यात 'निश्काळजी', 'बीयांची', 'परीणाम' आणि 'या पुढे' अशा चार चुका होत्या. त्या पेन्सिलीनं दुरुस्त करून दिल्या. निष्काळजीपणा कबूल करायचा कागद तरी काळजीनं लिहिलेला असावा असं मला वाटलं.

नवी पानं अजून पाहिलेली नाहीत. सध्या वेळ मिळत नाही. बाकी ठीक. हवा बरी आहे. जेवण वेळेवर होतं.

तुझा
वेलांटी


२ जुलै

चि. वेलांटीस,

'बाकी ठीक' असं तू आयुष्यात कधी लिहिलेलं नाहीस. तू साध्या सर्दीचे आठ मुद्दे लिहितोस.

पत्राच्या मागच्या बाजूला चिखलाचा अंगठा आहे. पूर्ण, रेघा मोजता येतील असा. तू कागदाला हात लावण्याआधी दोनदा साबण लावणारा माणूस. अक्षरं मोठी झाली आहेत, म्हणजे बोटं वळत नाहीत, पाण्यात राहून फुगली आहेत. आणि पूर्ण पत्रात छिद्रांचा एकही आकडा नाही. तुला मोजणीवरून काढून कुंड्या धुवायला बसवलंय. बरोबर?

माझ्यापासून लपवू नकोस. मला ऐकू येत नाही म्हणून मी सगळं बघते.

चार चुका दुरुस्त करून कागद परत दिलास ते वाचून मी मास्तरांच्या देखत टेबलावर हात आपटला. त्यांना वाटलं सुई घुसली.

आता ऐक, म्हणजे वाच. कुंड्या धुवायला आल्यावर त्यातली रोपं कुठे जातात?

ताई


१४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरं होतं. तीन आठवडे मी मागच्या नळावर बसत होतो. लपवलं, कारण तुला वाटलं असतं की सही करू नकोस म्हणून तू सांगितलंस आणि त्याचं हे झालं.

तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि मला माझंच हसू आलं. ट्रे टाकायचे ठरले की कुंड्या रिकाम्या करायला नळावर येतात. म्हणजे ज्या रोपांकडे बघायची मला मनाई होती, ती मला शिक्षा देऊन माझ्याच हातात पाठवायची होती. शुक्रवारी तो साध्यांचा ट्रे आला. बहिऱ्यांचाही आला. मी दोन्हींतल्या सहा-सहा कुंड्या नळामागे ठेवल्या. रोपं चांगली मोठी झाली होती, बारा-तेरा पानं. खालची पानं ताटलीतली, वरची मातीतली.

नेलपॉलिश माझ्या पैशांनी आणलं. दुकानदार म्हणाला, 'बऱ्याच दिवसांनी? भांडण झालं होतं का?'

ठसे घेऊन जेवणाच्या सुट्टीत मी वर गेलो. लपून नाही. हात धुतले, नखं घासली, माझ्या जुन्या स्टुलावर बसलो आणि मोजायला लागलो. बहिऱ्यांचं तिसरं पान, जोडछिद्रं. नववं पान, जोडछिद्रं. सहाही रोपांत तेच. मग साध्यांच्या ट्रेचं तिसरं पान, शहाण्णवात अडतीस, पहिल्यासारखंच. मग नववं पान लावलं.

तेवढ्यात बाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, 'तुला इथे कोणी बसवलं?' मी उठलो नाही. ताई, मोठं माणूस आल्यावर बसून राहण्याची माझी ही पहिली वेळ. माज म्हणून नाही. मी एकसष्टावर होतो आणि उठलो असतो तर मोजणी हुकली असती. मी बोट वर करून त्यांना थांबवलं. एकशे चारला संपलं. चिकटलेलं एकही नाही.

मग उठलो आणि म्हणालो, 'बाई, ही रोपं जन्मापासून बहिरी नाहीत.'

त्यांना वाक्य कळलं नाही. मी नोंदवही उघडून जुनं पान, नवं पान दाखवलं. सातव्या वर्षाची रेघ सांगितली, तुझं नाव न सांगता. 'माझ्या ओळखीत एक बाई आहे,' असं म्हणालो. पुढचं मला बोलावं लागलं नाही. त्या स्टुलावर बसल्या, सहा रोपांचे बारा ठसे एकामागून एक पाहिले. त्यांचा चेहरा भिंगावर होता, पण मान दिसत होती. मान लाल झाली. द्रावण कोणी ओतलं होतं हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

शेवटचा ठसा खाली ठेवून म्हणाल्या, की त्या दिवशी दोन्ही बाटल्या एकसारख्या होत्या आणि त्यांना ताप होता. मग म्हणाल्या, कुंड्या टाकून दे, कागद मी फाडते, सरांना काही सांगायची गरज नाही, नवं बी पेरू, तू उद्यापासून वर ये.

खोटं लिहीत नाही, माझा जीव भांड्यात पडला. 'हो' ओठांवर आलं होतं. मग नोंदवही उघडीच होती तिच्याकडे नजर गेली. 'पेरणाऱ्याची चूक.' लाल, आडवं, माझ्या आकड्यांवरून. मी म्हणालो की कुंड्या टाकाल, कागद फाडाल, पण हे पान तसंच राहील.

बाई म्हणाल्या, 'तुला नोकरी हवी आहे की पान?'

मी म्हणालो, 'पान.'

त्या निघून गेल्या. दोन दिवस काही नाही. मी नळावर कुंड्या धुतल्या आणि ट्रंकेत कपडे भरून ठेवले. जिन्याखालच्या माझ्या खोलीत सामान आहेच किती, वीस मिनिटांत झालं. मग तुझी सगळी पत्रं वर ठेवली म्हणून ट्रंक बंद होईना.

सोमवारी सकाळी बाई नळावर आल्या. सोबत मोठे सर. माझी नोंदवही बाईंच्या हातात. धुण्याच्या ओट्यावर पाणी होतं, मी तो आधी पुसून दिला. त्यांनी लाल अक्षरांखाली उभ्याउभ्याच लिहिलं: 'बी बरोबर पेरलं होतं. पाण्याच्या ताटलीत बोळ्याचं द्रावण गेलं. ओतताना चुक माझी झाली.' खाली सही. 'बोळा' हा माझा शब्द त्यांनी वापरला, ताई, यादीतलं अवघड नाव नाही. सर नळाकडे बघत होते. मग त्यांनी लाल पेन काढलं, आपली ओळ स्वतः खोडली आणि शेजारी आद्याक्षरं केली.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. कोणीही शहाणा बसला असता.

मी म्हणालो, 'बाई, चू दीर्घ.'

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता नळही जाणार. पण ती माझी नोंदवही आहे. तिच्यात चूक नको, चूक या शब्दातही नको. बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि उकार दीर्घ केला. 'आणि चुकीचा?' त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तिथे ऱ्हस्व. चूक एकटी उभी राहिली की दीर्घ, दुसऱ्याला चिकटली की ऱ्हस्व होते. त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, 'मग माझी दीर्घच राहू दे.'

मी पुन्हा वर बसतो. प्रयोग पहिल्यापासून करायचा आहे. ओतताना आता दोघं उभे राहतो, त्या ओततात आणि मी बाटलीवरचं नाव वाचतो. बाईंनी विचारलं की ती ओळखीतली बाई कोण. मी म्हणालो, माझी मोठी बहीण, ती काजं करते.

त्यांनी विचारलं, 'जन्मापासून की नंतर?'

मी म्हणालो, 'ते तिलाच विचारा. पण जपून.'

तुझा
वेलांटी


२० जुलै

चि. वेलांटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाईंना सांग, मधूनमधून.

पत्र तीनदा वाचलं आणि पर्समध्ये घालून कारखान्यात नेलं. मास्तरांनी जोडकाजांचे पहिले दोनशे शर्ट माझ्या यंत्राशी आणून ठेवले होते. खुणा केलेल्या, काजाला काज लागून. मी खडू उचलला, 'मधे जागा हवी' असं लिहिलं. मास्तरांनी पुसलं. मी पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा पुसलं आणि खडूच खिशात टाकला. बायकांना वाटलं, आता ही गप्प बसेल. खडू नाही म्हणजे ही नाही.

मी यंत्राचं बटण बंद केलं. टेबलाची थरथर थांबली, एकेक करून बाकीचीही थांबली असावीत, पायांखालची जमीन शांत झाली. मी उभी राहिले, एक पान तोडून आणलं होतं ते उलटं धरलं आणि नऊ वर्षांनी तोंड उघडलं.

मी म्हणाले, 'पर्णरंध्रंसुद्धा एकमेकांना चिकटत नाहीत. चिकटली की मिटत नाहीत. मी ही काजं अशी करणार नाही.'

पर्णरंध्र हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. फक्त तुझ्या पत्रात पाहिलाय. तू बरोबर लिहिलं असशील, एवढ्या भरवशावर म्हटला. अनुस्वार न् सारखा.

मग खाली बसले, शर्टावरच्या खुणा पुसल्या, अर्धं बोट जागा सोडून नव्या केल्या आणि पहिलं काज घातलं. मास्तर बराच वेळ मागे उभे होते, हे त्यांच्या सावलीवरून कळलं. नंतर सावली गेली.

कोणी हसलं का, ते मी वळून बघितलं नाही. ऐकायचा तर प्रश्नच नव्हता.

ताई